अर्धी वीत वाळू: बागकामाचं जड सामान पिकअपमधून कसं न्यावं

माझ्या पिकअपच्या हौद्यात, आतल्या बाजूने, ऑइलपेंटने ओढलेल्या तीन रेघा आहेत. सगळ्यात खालची रेघ तळापासून जेमतेम अर्धी वीत वर आहे. ती ओल्या वाळूची. तिच्याहून इंचभर वर खडीची. तिसरी फूटभर उंचीवर आहे, ती कंपोस्ट आणि शेणखताची. लाकडाच्या ढलप्यांसाठी रेघच नाही, त्या काठोकाठ भरून नेता येतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला खालची रेघ चुकून ओढल्यासारखी वाटते. "एवढ्याशा वाळूसाठी पिकअप कशाला आणली?" असं मला भरणाऱ्यांनी अनेकदा विचारलंय. पण त्या अर्ध्या वितीत पाच क्विंटल वाळू बसते आणि माझ्या गाडीची ताकद तिथे संपते.

ही रेघ ओढायच्या आधी मी एकदा निम्मा हौदा भरून वाळू आणली होती. रात्रभर पाऊस पडला होता, ढीग चिंब होता. निम्मा हौदा म्हणजे गाडी निम्मी भरली, असा माझा समज. चढावर लागलो तेव्हा स्टिअरिंग एकदम हलकं लागायला लागलं. वळणावर मी ते वळवलं, गाडी क्षणभर सरळच गेली आणि मग वळली. तो क्षण मी विसरलो नाही. घरी येऊन हिशेब केला तेव्हा कळलं की हौद्यात अकराशे किलो होते आणि गाडीची एकूण क्षमता सातशेची. डोळ्यांना दिसतं ते आकारमान, गाडीला लागतं ते वजन. बागकामाच्या मालात या दोहोंत जेवढी तफावत असते तेवढी दुसऱ्या कुठल्या मालात क्वचितच असेल. म्हणून तुमच्या गाडीत तुमच्या रेघा कशा ओढायच्या इथपासून सुरुवात करतो.

गाडी खरोखर किती उचलते

गाडीच्या कागदपत्रांवर किंवा दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर दोन आकडे असतात: रिकाम्या गाडीचं वजन आणि मालासकट जास्तीत जास्त वजन. दोहोंतला फरक म्हणजे गाडीची वाहण्याची क्षमता. मात्र हा सगळा आकडा मालाचा नसतो. चालक, शेजारी बसणारा मदतनीस, फावडी, पहारी, ताडपत्री, नंतर बसवून घेतलेला लोखंडी पिंजरा, सगळं त्यातूनच वजा होतं.

उदाहरण म्हणून ७०० किलो क्षमतेची गाडी घेऊ. दोन माणसं आणि अवजारं मिळून १७० किलो. उरले ५३०. त्यातले ३० मी हाताशी ठेवतो, कारण माल मोजण्यात थोडी चूक होतेच. म्हणजे मालासाठी ५०० किलो. तुमच्या गाडीचा आकडा मोठा असेल, पण रीत हीच.

गाडी जुनी असेल, तिच्यावर काही बसवलेलं असेल, तर एकदा रिकामी गाडी वजनकाट्यावर नेऊन खरं वजन घ्या. तिथे असतानाच आधी फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून वजन घ्या, मग फक्त मागची. प्रत्येक एक्सलची मर्यादा वेगळी असते. एकूण वजन मर्यादेत असूनही मागच्या एक्सलवर जास्त भार पडलाय, असं पिकअपमध्ये सहज घडतं.

आता एक गोष्ट ठामपणे सांगतो, कारण ती सर्रास केली जाते. मागच्या चाकांवर भार झेलणारे पोलादी पट्ट्यांचे स्प्रिंग असतात, ते पाटे. मागे असा जादा पाटा टाकून घेतला की गाडीची क्षमता वाढत नाही. गाडी कमी बसते, एवढंच. एक्सल तोच, बेअरिंग तीच, ब्रेक तेच, टायरही तेच. उलट गाडी बसत नाही म्हणून जास्त माल भरला गेल्याचं कळतही नाही. पाटे बसणं ही गाडी तुम्हाला देत असलेली सूचना आहे, ती बंद करून काय मिळवायचं?

मालाचं वजन: दहा लिटरची बादली

एक घनफूट पाण्याचं वजन सुमारे २८ किलो असतं. ते डोक्यात ठेवलं की बाकीचा अंदाज बांधता येतो. वाळू, खडी, दगड हे सगळं पाण्याहून जड, तर ढलप्या आणि सुकं कंपोस्ट पाण्याहून हलकं.

ढोबळमानाने एका घनफुटाला कोरडी वाळू ४२ ते ४५ किलो भरते, भिजलेली ५५ च्या आसपास. सुटी खडी ४१ ते ४५. कोरडी भुसभुशीत माती ३१ ते ३७, तीच पावसात भिजली की ४५ ते ५०. कंपोस्ट १४ ते २०, ओलाव्याप्रमाणे. लाकडाच्या ढलप्या ७ ते ११. अखंड दगड या सगळ्यांच्या पुढे: ग्रॅनाइट ७५ आणि काळा बसाल्ट ८० च्या वर.

पण हे आकडे पुस्तकी आहेत. तुमच्या समोरचा ढीग किती जड आहे हे कळायला सोपा उपाय म्हणजे दहा लिटरची बादली. मालाने गच्च न दाबता काठोकाठ भरा, साध्या काट्यावर वजन करा, बादलीचं वजन वजा करा. आलेल्या आकड्याला २.८३ ने गुणलं की एका घनफुटाचं वजन मिळतं. १०० ने गुणलं तर घनमीटरचं. चिंब वाळूची बादली १९ किलो भरली, तर घनफुटाला साधारण ५४ किलो. दोन मिनिटांचं काम आहे आणि ते ढिगाजवळ उभं राहूनच करायचं असतं, घरी बसून नाही.

वाळूची एक गंमत इथे सांगायलाच हवी. वाळूत थोडासाच ओलावा असेल, चार-सहा टक्के, तर कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो, कण एकमेकांपासून दूर राहतात आणि वाळू फुगते. हे फुगणं वीस-तीस टक्क्यांपर्यंत जातं. म्हणजे दमट वाळूचा एक घनफूट कधी कधी कोरड्या वाळूपेक्षाही हलका भरतो. त्यातच भरपूर पाणी गेलं की तो थर मोडतो, वाळू पुन्हा दबून बसते, वर पाण्याचं वजन मिळतं आणि तोच घनफूट एकदम जड होतो. कालच्या फेरीला पाटे बसले नाहीत म्हणून आज तेवढीच वाळू भरली आणि मध्ये पाऊस झालेला असेल, तर आज गाडी जास्त बसेल.

रेघा ओढणं

हौद्याची आतली लांबी आणि रुंदी फुटांत मोजा. समजा साडेपाच बाय पाच. क्षेत्रफळ २७.५ चौरस फूट. मालासाठी ५०० किलो, म्हणजे प्रत्येक चौरस फुटावर सुमारे १८ किलो ठेवता येतात. आता या १८ ला घनफुटाच्या वजनाने भागा, उंची फुटांत मिळते. ओली वाळू: १८ भागिले ५५, म्हणजे फुटाचा तिसरा हिस्सा, चार इंच. खडी पाच इंच. कोरडी माती सहा इंच, भिजलेली साडेचार. कंपोस्ट फूटभर. ढलप्यांची उंची पावणेदोन फुटांवर येते. बहुतेक हौदे तेवढे खोलच नसतात, म्हणून त्या काठोकाठ.

चाकांवरचे उंचवटे हौद्यात आलेले असतात, ते या हिशेबात धरलेले नाहीत. त्यामुळे प्रत्यक्षात माल थोडा कमीच बसतो आणि चूक सुरक्षित बाजूला होते. रेघ सपाट केलेल्या मालासाठी आहे, मध्ये उंच ढीग करून कडेला रेघ गाठायची नाही.

हाच हिशेब उलटा करून फेऱ्या मोजा. दोनशे चौरस फुटांच्या पायवाटेवर तीन इंच खडी टाकायची असेल तर ५० घनफूट लागतील, सुमारे साडेएकवीसशे किलो. दाबल्यावर खडी बसते, म्हणून दहा टक्के जास्त धरा. ५०० किलोच्या हिशेबाने पाच फेऱ्या. पाच फेऱ्या जमण्यासारख्या आहेत. पण शंभर घनफूट, म्हणजे एक ब्रास, ओली वाळू लागणार असेल तर अकरा फेऱ्या होतात. तेव्हा सरळ टिपर मागवा. स्वतःची पिकअप असली तरी प्रत्येक काम तिच्याकडून करून घ्यायला हवं असं नाही.

भरायला जाण्याआधी

टायरची हवा गार टायरमध्ये, निघण्याआधी तपासा. बऱ्याच गाड्यांना रिकामं चालवताना एक आणि भरलेलं चालवताना दुसरा, जास्तीचा दाब सांगितलेला असतो. तो मागच्या टायरांत भरून घ्या. टायरच्या कडेला मापानंतर एक आकडा असतो, तो त्या टायरची भार उचलण्याची क्षमता सांगतो. १०० म्हणजे ८०० किलो, ११२ म्हणजे ११२० किलो, एका टायरला. टायर बदलताना कुणी स्वस्तातला कमी आकड्याचा टायर बसवला असेल तर तो भरलेल्या गाडीखाली कमी हवेत तापतो आणि फुटतो. स्टेपनीतली हवाही बघा, भरलेल्या गाडीसह रस्त्यात उभं राहिल्यावर ती आठवून उपयोग नाही.

हौद्यात बारा मिलिमीटरचा प्लायवूड अंथरायची सवय लावा. हौद्याचा पत्रा पन्हाळीचा असतो, त्यात फावडं अडकतं आणि माल काढताना हात भरून येतात. सपाट प्लायवर चपट्या तोंडाचं फावडं सर्रकन सरकतं. दगडाचा मारही पत्र्याऐवजी प्लाय खातो. प्लायच्या वर एक जाड ताडपत्री पसरा, मागच्या बाजूने हातभर बाहेर लोंबती ठेवा. ती कशाला, हे उतरवताना सांगतो.

बरोबर काय घ्यायचं? झाकायला दुसरी ताडपत्री, चार रॅचेट पट्टे, हौद्याच्या रुंदीएवढी एक जाड फळी, चाकाला लावायच्या दोन ओट्या, लाकडी पाचरी, पहार, जाड हातमोजे. दगड असतील तर दोन जुने टायर.

वजन कुठे पडतं

मागच्या चाकांच्या एक्सलला तराजूचा टेकू समजा. टेकूच्या पुढे, केबिनच्या बाजूला ठेवलेलं वजन पुढच्या-मागच्या दोन्ही एक्सलमध्ये वाटलं जातं. मागे ठेवलेलं वजन गाडीचं नाक वर उचलतं. आकड्यांत सांगतो. पुढच्या आणि मागच्या चाकांत तीन मीटर अंतर आहे. ३०० किलोचा माल मागच्या एक्सलच्या अर्धा मीटर पुढे ठेवला, तर मागच्या एक्सलवर २५० किलो वाढतात आणि पुढच्यावर ५०. तोच माल एक्सलच्या एक मीटर मागे, फाळक्याजवळ (हौद्याच्या मागच्या उघडणाऱ्या दाराजवळ) ठेवला, तर मागे ४०० किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे १०० किलो कमी होतात. माल तीनशेचाच, मागच्या एक्सलला मात्र चारशे लागले. आणि ज्या चाकांनी गाडी वळते आणि ब्रेकचं मोठं काम होतं ती हलकी झाली. त्या चढावर माझं स्टिअरिंग हलकं पडलं ते यामुळे. चढावर वाळू फाळक्याकडे घसरली होती.

दुहेरी केबिनच्या गाड्यांत हौदा आखूड आणि त्याचा बराच भाग एक्सलच्या मागे असतो. अशा गाडीत जड माल केबिनच्या भिंतीला चिकटवूनच ठेवावा लागतो, मागचा हिस्सा रिकामा सोडून. इथेच ती आडवी फळी कामी येते. हौद्यात आडवी उभी करा, दोन्ही बाजूंना पाचर मारून घट्ट बसवा, वाळू-खडी तिच्या पुढेच भरा. मात्र क्षेत्रफळ कमी झालं म्हणजे रेघ वर जाते, तो हिशेब पुन्हा करा. डाव्या-उजव्या बाजूंना वजन सारखं हवं, हे वेगळं सांगायला नको. गाडी मागून पाहा, एका अंगाला कलली असेल तर फावड्याने सारखं करा.

लोडरने भरताना

फावड्याने भरलं तर माल तुमच्या हातात असतो. लोडर आला की सगळं दहा सेकंदांत होतं. एक घनमीटरची बकेट ओल्या वाळूने भरली तर त्यात एकोणीसशे किलोच्या आसपास असतात. एका बकेटीत गाडी मोडू शकते. म्हणून चालकाशी बकेट उचलायच्या आधी बोला, रेघ दाखवा, पाव बकेट म्हणजे किती ते हाताने दाखवा. बकेट हौद्याच्या शक्य तितकी जवळ आणून हळूहळू सांडायला सांगा, उंचावरून धाडकन नाही. माल पडताना पाटे काही क्षण त्याच्या वजनाहून जास्त दबतात. त्या वेळी केबिनमध्ये किंवा गाडीजवळ कुणी थांबू नये. चालकाच्या नजरेसमोर, लांब उभे राहा.

पहिला हप्ता पडला की थांबवा आणि मागच्या चाकाजवळ वाका. पाट्याच्या किंवा एक्सलच्या वर रबरी ठोकळा असतो. तो आणि एक्सल यांच्यात किती फट उरली ते बघा. मी रिकाम्या गाडीची ती फट आणि पाचशे किलो भरल्यावरची फट, दोन्ही मोजून ठेवल्या आहेत. नेमक्या वजनाची पोती ठेवून हे एकदा मोजता येतं. फट संपली, ठोकळा टेकला, तर माल उतरवायचाच. तिथे भिडस्तपणा करू नका. भरणारे घाईत असतात, मागे दुसरी गाडी थांबलेली असते, "जाईल हो एवढं" असं म्हणतात. गाडी मात्र तुम्ही चालवणार आहात.

दगड, फरशी, झाडं

सुट्या मालापेक्षा वेगळी काळजी यांना लागते. मोठ्या गोल दगडाचं वजन काढायला लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजून गुणा, निम्मं करा, कारण गोलसर दगड आपल्या चौकटीची साधारण निम्मी जागा व्यापतो. मग दगडाच्या जातीप्रमाणे ७५ ते ८० ने गुणा. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, एक फूट उंच बसाल्टचा धोंडा १२० किलोचा निघतो. बाकावर ठेवता येईल एवढा दिसणारा दगड दोन माणसांना उचलत नाही. तो उचलायचाही नाही. पहार आणि फळ्या घेऊन सरकवायचा, किंवा यंत्राने ठेवून घ्यायचा. खाली जुना टायर आडवा टाका, दगड त्याच्या पोकळीत बसतो आणि लोळत नाही. मोकळ्या बाजूंना पाचरी ठोका.

मोठ्या पातळ फरशा आडव्या रचल्या तर खड्ड्यात आदळून खालच्या तडकतात. त्या कडेवर उभ्या, केबिनच्या भिंतीला किंचित रेलून ठेवा, मध्ये पुठ्ठा किंवा पोतं घाला आणि पट्ट्याने भिंतीशी आवळा. पेव्हर ब्लॉक आडवेच, विटांसारखी सांधमोड करून, म्हणजे खालच्या थराच्या सांध्यावर वरचा ब्लॉक येईल असे. २० बाय १० बाय ६ सेंटिमीटरचा एक ब्लॉक पावणेतीन किलोचा. एका चौरस मीटरला ५० ब्लॉक, जवळपास १४० किलो. म्हणजे आपल्या पाचशे किलोंत साडेतीन चौरस मीटरच मावतात. पोती असतील तर तीही सांधमोड करून, आडवी.

मुळांच्या मातीच्या गोळ्यासह झाड आणायचं असेल, तर साठ सेंटिमीटर रुंद आणि पन्नास उंच गोळा दोनशे किलोच्या घरात जातो. झाड गोळ्याला धरून उचलायचं, खोडाला धरून कधीच नाही, मुळं आतल्या आत तुटतात. गोळा केबिनकडे, शेंडा मागे. पानं वाऱ्याने फाटतात, सुकतात, म्हणून शेंडा कापडात गुंडाळा. हिरवळीचे गुंडाळलेले तुकडे एकमेकांवर रचले की आतून तापतात, ते त्याच दिवशी उतरवून पसरावे लागतात.

बांधणी

जड वस्तू स्वतःच्या वजनानेच जागी राहते, हा समज सगळ्यात धोकादायक. अनेक देशांच्या माल बांधणीच्या नियमांत एक साधं प्रमाण आहे: पुढच्या दिशेला मालाच्या वजनाच्या ०.८ पट आणि बाजूंना व मागे ०.५ पट जोर पेलेल अशी बांधणी हवी. म्हणजे तो १२० किलोचा धोंडा जोरात ब्रेक लावल्यावर जवळजवळ शंभर किलोच्या जोराने पुढे यायला बघणार, केबिनच्या मागच्या काचेकडे. म्हणून तो भिंतीला टेकवूनच ठेवायचा, मध्ये मोकळी जागा सोडायची नाही.

पट्ट्यावर दोन आकडे असतात. एक तो कुठे तुटतो त्याचा आणि दुसरा, बराच लहान, तो किती भारासाठी वापरायचा त्याचा. विश्वास लहान आकड्यावर ठेवा. पट्टा मालावरून दोन्ही बाजूंना जवळजवळ उभा खाली उतरला तर त्याचा सगळा ताण माल दाबण्याच्या कामी येतो. हौद्याच्या तळाशी तीस अंशांचा कोन करून तिरपा गेला तर निम्माच. दगडाच्या धारदार कडेवर पट्टा जातो तिथे जुन्या होजपाइपचा तुकडा किंवा दुमडलेलं पोतं द्या, नाहीतर तो कडेवर कापला जातो आणि ते चालताना दिसत नाही. पट्टे हौद्याच्या कड्यांना अडकवा, फाळक्याच्या कडीला नाही.

वाळू, माती, ढलप्या झाकल्याशिवाय निघू नका. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यात उडालेला एक कण पुरतो. ताडपत्रीची पुढची कड मालाखाली दाबा, नाहीतर वारा तिथूनच शिरतो. निघण्याआधी फाळक्याची दोन्ही कुलपं हाताने हिसका देऊन तपासा. लांब लाकडं फाळक्याबाहेर येत असतील तर टोकाला लाल कापड बांधा आणि किती बाहेर चालतं याचा तुमच्याकडचा नियम पाळा.

रस्त्यावर

पहिल्या शंभर मीटरमध्ये, मोकळ्या जागी, हळू वेगात ब्रेक लावून पाहा. ब्रेक किती खोल जातो, गाडी एका बाजूला ओढते का, स्टिअरिंग नेहमीएवढं जड आहे का. हलकं लागलं तर परत फिरा आणि माल पुढे ओढा.

वेग वाढला की थांबवायची ऊर्जा त्याच्या वर्गाने वाढते. ४० वरून ६० वर गेलात तर ती सव्वादोन पट होते, आणि भरलेल्या गाडीचं वाढलेलं वजन त्यात आणखी भर घालतं. म्हणून पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवा. उतारावर ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, इंजिनाला गाडी धरू द्या. सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ब्रेक तापतात आणि पायाखाली पोकळ लागायला लागतात. गतिरोधकावर आणि खड्ड्यात जवळजवळ थांबूनच उतरा, पाटे आधीच दबलेले असतात, त्यांना खाली जायला जागा उरलेली नसते. रात्री निघालात तर मागून बसलेल्या गाडीचे दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात. डॅशबोर्डवर दिव्यांचा झोत वर-खाली करायची चकती असेल तर झोत खाली करा.

पाच-दहा किलोमीटरवर एकदा थांबा. माल बसतो, पट्टे ढिले होतात, ते परत आवळा. चाकांच्या मध्याजवळ हात नेऊन उष्णता बघा, टेकवू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर तिथला ब्रेक धरून राहिलाय किंवा बेअरिंग जात आहे.

बागेत शिरताना आणि उतरवताना

फाटकातून आत घेण्याआधी खाली उतरून चालत जा. जमिनीखालची पाण्याची टाकी, शोषखड्डा, मैलाटाकी यांच्यावरच्या फरश्या चालणाऱ्या माणसांसाठी असतात, भरलेल्या पिकअपच्या मागच्या चाकासाठी नाही. घरच्यांना विचारा, टाकी नेमकी कुठवर आहे. मऊ जमिनीवर चाकांखाली जाड फळ्या टाका. चाक रुतलं तर रेस वाढवून खड्डा खोल करत बसू नका, थोडा माल तिथेच उतरवा.

गाडी सपाट जागी उभी करा, हातब्रेक लावा, चाकांना ओट्या लावा. फाळका उघडताना त्याच्या समोर कधीही उभं राहू नका, बाजूला राहून कडी काढा. वाटेत माल मागे सरकून फाळक्याला टेकलेला असतो, उघडताक्षणी तो पायांवर येतो. उघडलेला फाळका दोन साखळ्यांवर किंवा तारांवर लटकतो. त्याच्यावर धोंडा टेकवून वर दोन माणसं उभी राहिली तर तो वाकतो. दगड सरकवताना फळ्यांचं एक टोक हौद्याच्या तळावर ठेवा, दुसरं जमिनीवर.

सुटा माल मागच्या कडेपासून काढत जा, घमेली किंवा ढकलगाडी फाळक्याखाली लावून. निम्मा झाला की बाहेर लोंबत ठेवलेली ताडपत्री दोघांनी धरून ओढा. उरलेला माल तिच्यासह सरकत फाळक्यापर्यंत येतो, कोपऱ्यांत वाकून फावडं मारावं लागत नाही. एका दिवसात तीन-चार फेऱ्या असतील तर कंबर या एका ताडपत्रीमुळे वाचते. घमेलं पायावर जोर देऊन उचला, वळायचं असेल तेव्हा पावलं वळवा, कंबर पिळू नका. दमल्यावर शेवटच्या फेरीत दगड उतरवायला घेऊ नका, तो पहिल्या फेरीतच आणा.

काम संपलं की प्लाय बाहेर काढून हौदा पाण्याने धुवा. शेणखत, कंपोस्ट आणि खतांचे अंश ओल्या कोपऱ्यांत राहिले की पत्रा तिथूनच गंजतो. तळाची पाणी जायची भोकं काडीने मोकळी करा, वाळूने ती हमखास बुजतात. गाडीखाली वाकून पाट्यांवर नवी चीर दिसते का, यू-बोल्टचे नट ढिले झाले का, टायरच्या आतल्या अंगाला फुगवटा आला का ते बघा. मागच्या टायरांतली वाढवलेली हवा, टायर गार झाल्यावर, पुन्हा रिकाम्या गाडीच्या आकड्यावर आणा. प्लाय उन्हात उभा करून वाळवा आणि रेघ पुसट झाली असेल तर पुढच्या फेरीआधी ब्रश फिरवून घ्या.